अमेरिकेतलं १८९० च्या दशकातलं शेतकऱ्यांचं राजकीय बंड : नुसते भाव पडले म्हणून?

वर्धारोड (प्रश्न)

नागपुरात एम. ए. इतिहासाच्या मुलांसाठी अमेरिकेचा एक घटक तयार करतोय. विषय : १८७० ते १८९६ या काळात तिथल्या शेतकऱ्यांनी आधी संघटना आणि मग स्वतःचा पक्ष, पीपल्स पार्टी, का काढला. बहुतेक टिपणांत चार कारणं एकाखाली एक असतात : शेतमालाचे भाव पडले, रेल्वेने लुटलं, सावकारांनी पिळलं, सोन्याच्या चलनामुळे पैसा आटला. मुलं पाठ करतात आणि विसरतात.

माझी अडचण अशी. शेतमालाचे भाव पडले तसे कापड, नांगर, तारा, साखर यांचेही पडले. रेल्वेचं भाडंही त्या काळात एकंदरीत उतरलं. मग रोष नेमका कशाचा? शिवाय इलिनॉय आणि आयोवाचा शेतकरी तेवढा पेटला नाही, कॅन्सस आणि टेक्सासचा पेटला. तो का? ‘सबट्रेझरी योजना’ विदर्भातल्या मुलांना कळेल अशी कशी सांगावी, तेही सांगा. बहुतेकांच्या घरी कापूस, तूर, सोयाबीन आहे, तेव्हा हिशेब त्याच भाषेत दिलेत तर फार बरं.

सरकी

भाऊ, ‘भाव पडले’ हे उत्तर चूक नाही, अर्धं आहे. पुढचं अर्धं असं की भाव पडले तरी कर्जाचा आकडा पडत नाही. फळ्यावर हिशेब मांडा.

कॅन्ससचा शेतकरी १६० एकर जमीन गहाण टाकून १००० डॉलर घेतो, व्याज ८ टक्के. वर्षाचं व्याज ८० डॉलर. गहू बुशेलला १ डॉलर असताना त्यासाठी ८० बुशेल विकावे लागतात. गव्हाचा एक बुशेल म्हणजे ६० पौंड, सव्वासत्तावीस किलोच्या आसपास. म्हणजे साधारण २२ क्विंटल. १८९४ च्या सुमाराला गहू ५० सेंटच्या घरात आला. आता त्याच व्याजाला १६० बुशेल, साडेत्रेचाळीस क्विंटल. एकरी साडेबारा बुशेल पीक धरलं, तर आधी साडेसहा एकरांचा गहू व्याजात जायचा, आता तेरा एकरांचा. आणि मुद्दल १००० बुशेलचं २००० बुशेल झालं. सही एकदाच केली होती.

नांगर स्वस्त झाला हे खरंच आहे, पण कर्ज नसलेल्याला त्याचा पुरता फायदा मिळतो. कर्जदाराच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा कागदावर गोठलेला असतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : ही गहाणखतं तीन ते पाच वर्षांचीच असायची, भाव उतरणार हे घेणाऱ्याला दिसत होतं, तो सावध राहू शकला असता. आक्षेप योग्य आहे, पण त्या कर्जाची रचना बघा. मुदतभर फक्त व्याज भरायचं आणि शेवटी मुद्दल एकरकमी. एवढी रक्कम कोणाकडेच नसायची. म्हणून नवं गहाणखत, नवं कमिशन, बहुधा तोच दलाल. १८८५-८६ पर्यंत पूर्वेकडच्या कर्ज कंपन्या पश्चिम कॅन्ससमध्ये पैसे घेऊन फिरत होत्या, नूतनीकरण सोपं होतं. १८८७ मध्ये दुष्काळ सुरू झाला, जमिनीच्या किमती कोसळल्या, आणि नूतनीकरण बंद झालं. मग बैलजोडी, घोडे, नांगर, गायी यांच्यावर वेगळं गहाण, त्याचा दर आणखी चढा. १८८८ ते १८९२ मध्ये पश्चिम कॅन्ससची जवळपास निम्मी वस्ती गाव सोडून गेली. मधेच १८८९ ला मका इतका पिकला आणि भाव इतका गेला, की लोकांनी कोळशाऐवजी चुलीत मका जाळला. दुष्काळात पीक नाही, सुकाळात भाव नाही, आणि दोन्ही वर्षी हप्ता तोच. आपल्याकडच्या मुलांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

पैसा का आटला, तेही याच ठिकाणी सांगून टाका. यादवी युद्धात सरकारने कागदी नोटा, ग्रीनबॅक, छापल्या. १८७८ मध्ये त्या सुमारे ३४ कोटी ६७ लाख डॉलरवर कायमच्या थांबवल्या, आणि १ जानेवारी १८७९ पासून त्या सोन्यात बदलून मिळू लागल्या. १८७३ च्या नाणे कायद्याने चांदीचा डॉलर पाडणं आधीच बंद झालं होतं. लोकसंख्या मात्र १८७० च्या ३ कोटी ८६ लाखांवरून १८९० ला सव्वासहा कोटींच्या वर गेली. उत्पादन त्याहून वेगाने वाढलं. माल वाढला, माणसं वाढली, पैसा त्या मानाने वाढला नाही, की भाव खालीच जाणार.

जिनिंग_प्रेसिंग

सरकींचा हिशेब गव्हाच्या पट्ट्याला चपखल आहे. पण चळवळ, म्हणजे फार्मर्स अलायन्स ही शेतकऱ्यांची संघटना, जन्मली टेक्सासमध्ये, लॅम्पासस काउंटीत, १८७७ च्या आसपास. आणि कापसाच्या दक्षिणेत जमीन गहाण टाकायला ती नावावर असावी लागते! तिथे पीकच गहाण पडायचं, तेही पेरायच्या आधी.

युद्धानंतर दक्षिणेत बँकाच उरल्या नव्हत्या, आणि नव्या उघडायला कायदा आडवा. राष्ट्रीय बँकेला लहानात लहान गावातही ५०,००० डॉलर भांडवल लागायचं, आणि जमिनीच्या तारणावर कर्ज द्यायला तिला मनाई होती. राज्यांच्या बँकांनी नोटा काढायच्या तर त्यांवर १० टक्के कर, म्हणजे तोही मार्ग बंद. राहिला कोण? चौकातला दुकानदार. तो मार्चपासून पीठ, डुकराचं खारं मांस, खत, कापड उधार द्यायचा, आणि बदल्यात येणाऱ्या पिकावर हक्क लिहून घ्यायचा. आपल्याकडे कृषी केंद्राची उधारी आणि अडत्याची उचल एकाच माणसाकडे असावी, आणि माल त्यालाच घालायची अट कायद्याने पक्की असावी, तसं.

तो व्याज लावत नसे. दोन भाव ठेवत असे. समजा मका रोखीने ७५ सेंट, उधारीने १ डॉलर. फरक ३३ टक्के वाटतो. पण हा माल जुलैत घेतला आणि हिशेब नोव्हेंबरात झाला, तर ३३ टक्के चार महिन्यांचे झाले, वर्षाचे १००. मेमध्ये घेतला असेल तर सहा महिने, वर्षाला ६६. कर्जदाराला हा दर कधी दिसतच नाही, कारण वहीवर ‘व्याज’ हा शब्द नसतो. हे उदाहरण मुलांकडून सोडवून घ्या, सांगू नका.

दुकानदार दुसऱ्या दुकानातून उधार घेऊ देत नसे, कारण पिकावरचा पहिला हक्क त्याचा. तो कापूसच पेरायला लावायचा. मका माणूस घरी खाऊन टाकतो, गुरांना घालतो. कापूस खाता येत नाही, नासत नाही, आणि तो वाटेल त्या दिवशी विकता येतो. म्हणजे भाव पडला की कापूस कमी पेरा हा शहाणपणाचा सल्ला शेतकऱ्याला पाळताच येत नव्हता. भाव पडला की जुनी बाकी फेडायला कापूस उलट जास्तच पेरावा लागायचा. सगळे तेच करणार, भाव आणखी पडणार. १८८० च्या सुरुवातीला पौंडाला १० सेंटच्या आसपास असलेली रुई १८९४ मध्ये ५ सेंटवर आली. ५०० पौंडांची गाठ : ५० डॉलरची २५ झाली. नोव्हेंबरात बाकी शून्य झाली नाही तर ती पुढच्या वर्षाच्या पिकावर चढायची, त्याच दुकानात.

एक छोटी गोष्ट घटकात जरूर घ्या, कारण तिचा धागा भारतापर्यंत येतो. गाठीला गुंडाळायला तागाचं बारदान लागायचं, ताग बंगालचा. १८८८ मध्ये बारदान करणाऱ्यांनी एकी करून भाव चढवला. एका गाठीला सहा-सात यार्ड लागतात, म्हणजे गाठीमागे वाढ काही सेंटांचीच. पण तो पैसा थेट शेतकऱ्याच्या खिशातून जात होता. अलायन्सने बहिष्कार पुकारला आणि सुती कापडात गाठी बांधायला सुरुवात केली. तिथे अडचण अशी आली की लिव्हरपूलला गाठीच्या एकूण वजनातून तागाच्या हिशेबाने ठरलेली तूट वजा होत असे. सुती बारदान हलकं. तूट मात्र तागाचीच कापली, तर शेतकऱ्याची रुई फुकट जाणार. म्हणून मग बाजारांकडून सुती गाठीला वेगळी सूट मिळवायला भांडावं लागलं. ज्याने काट्यावर कडता कापताना पाहिलाय, त्याला हा मुद्दा दोन मिनिटांत कळेल.

वर्धारोड

दोघांचेही मनापासून आभार. दोन भावांचं उदाहरण तर उद्याच घेतो. पण रेल्वेचं राहिलं. भाडं उतरत होतं तर इतका राग का? आणि या हालअपेष्टांतून थेट राजकीय पक्ष कसा निघाला? हाल तर आधीही होते.

कळमना_यार्ड

रेल्वे आधी. सरासरी भाडं उतरलं, पण सरासरीने कोणी माल पाठवत नाही. शिकागो ते न्यूयॉर्क चार-पाच रेल्वे एकमेकींशी झुंजत होत्या, वर सरोवरं आणि कालवा, तिथे भाडं तळाला गेलं. मिसुरी नदीच्या पश्चिमेला एका गावाला एकच लाइन. तिथे टनामागे मैलाचा दर कितीतरी जास्त. त्याच लाइनीवर जवळच्या स्टेशनला लांबच्या जंक्शनपेक्षा जास्त भाडं, कारण जंक्शनवर स्पर्धा होती. मोठ्या गिऱ्हाइकाला आतून परतावा, लहानाला छापील दर. आणि गव्हाचा भाव लिव्हरपूलला ठरायचा. तिथल्या भावातून भाडं, गुदाम, दलाली वजा होऊन उरेल ते शेतकऱ्याचं. भाडं निम्मं होण्याआधी गहू निम्मा झाला, तर भाड्याचा वाटा वाढतो. तक्रार दराइतकीच, कदाचित जास्तच, भेदभावाची होती.

स्टेशनवरचं धान्याचं एलिव्हेटर, उंच कोठार, हेही एकट्याचं. तिथला माणूस गहू हातात घेऊन प्रत ठरवायचा : ओलावा जास्त, कचरा जास्त, दाणा बारीक, एक नंबरचा दोन नंबर. गाडी परत घरी न्यायची तर पंधरा मैल. शेतकरी मान्य करायचा. ग्रेंज ही शेतकऱ्यांची आधीची संघटना १८६७ ची, तिच्या रेट्याने इलिनॉय, आयोवा, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या राज्यांनी १८७० च्या दशकात दरांवर कायदे केले. १८७७ ला सर्वोच्च न्यायालयाने मन विरुद्ध इलिनॉय खटल्यात ते उचलून धरले. १८८६ ला वाबॅश खटल्यात मात्र सांगितलं की राज्याबाहेर जाणाऱ्या मालाच्या दरावर राज्याला हात घालता येणार नाही. गहू तर सगळा राज्याबाहेरच जाणार! १८८७ ला केंद्राने आंतरराज्य व्यापार आयोग नेमला, पण दर ठरवायचा अधिकार त्याला दिला नाही. लढाई वॉशिंग्टनला गेल्याशिवाय गत्यंतर नाही, हे शेतकऱ्यांना इथे पहिल्यांदा दिसलं.

आता पक्षाचं. माझ्या मते तुमच्या घटकाचा कणा इथे असावा. नुसत्या हालांतून पक्ष निघत नाही. आधी त्यांनी स्वतःच्या बळावर मार्ग काढून पाहिला, तो कुठे अडला हे स्वतः पाहिलं, आणि त्या अडथळ्याला नाव दिलं. टेक्सास अलायन्सने १८८७ मध्ये डॅलसला एक्स्चेंज काढलं. अलायन्सचा नेता चार्ल्स मॅक्यून त्यामागे होता. कल्पना : रुई एकत्र विकायची, अवजारं आणि किराणा एकत्र घ्यायचा. पण उधारीत अडकलेला सभासद रोखीने घेणार कसा? म्हणून संयुक्त वचनचिठ्ठी. गावातली शाखा वर्षाच्या गरजेची यादी करते, जमीनवाले आणि कुळं एकत्र सही करतात, पीक आणि जमीन तारण, जबाबदारी सगळ्यांची. ही चिठ्ठी घेऊन एक्स्चेंज बँकेत जातं. बँकांनी त्या तारणावर पैसे दिले नाहीत. ९ जून १८८८ ला टेक्सासभर काउंटीच्या कचेऱ्यांसमोर सभासद जमले, एक्स्चेंज वाचवायला खिशातले डॉलर दिले. तरी १८८९ च्या अखेरीस ते बुडालं.

आपल्याकडच्या बचत गटामागे किंवा विकास सोसायटीमागे तीच कल्पना आहे, फक्त वर जिल्हा बँक नाही असं समजा. सहकाराला भांडवल द्यायला तयार असणारी संस्था नसेल तर सहकार उधारीपाशीच थांबतो. मॅक्यूनने त्यावरून सरळ निष्कर्ष काढला : कर्ज सरकारने द्यावं. डिसेंबर १८८९ ला सेंट लुईसच्या बैठकीत सबट्रेझरी योजना आली.

योजना अशी. ज्या काउंटीत वर्षाला ५ लाख डॉलरच्या वर शेतमाल विकला जातो, तिथे सरकारी गुदाम. कापूस, गहू, मका, तंबाखू, तांदूळ असा न नासणारा माल आणून घाला. प्रत आणि वजन लिहिलेली पावती घ्या. त्या दिवशीच्या बाजारभावाच्या ८० टक्के रक्कम सरकारी नोटांत हातात, व्याज वर्षाला १ टक्का, साठवण आणि विमा वेगळा. बारा महिन्यांत पावती विकता येते. सोडवली नाही तर मालाचा लिलाव.

आपली शेतमाल तारण कर्ज योजना शेजारी ठेवा. सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीच्या गुदामात, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, सहा महिने. सांगाडा तोच. मोठा फरक मुलांना दाखवा. आपल्याकडे कर्जाचा पैसा आधीपासून असलेल्या निधीतून येतो. तिथे नव्या नोटा छापायच्या होत्या. हंगामात सगळा देश एकदम माल विकतो, पैशाला मागणी चढते, व्याज चढतं आणि भाव पडतो. तेवढ्याच वेळी नोटा वाढाव्यात आणि माल विकला गेला की त्या परत आटाव्यात, अशी ती रचना. म्हणजे साठवण आणि चलन हे दोन प्रश्न एका गुदामात सोडवायचे होते.

कच्चे दुवेही सांगा. ५ लाखांची अट असल्याने गरीब काउंट्या बाहेर. हंगामातल्या पडक्या भावाच्या ८० टक्के म्हणजे जुनी बाकी फिटेलच असं नाही. आणि ज्याचं पीक दुकानदाराकडे आधीच लिहून दिलंय, तो कुळवाडी गुदामापर्यंत माल नेणार कसा? काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, विधेयक आलं, पण दोन्ही मोठ्या पक्षांनी ते पुढे जाऊ दिलं नाही. त्यानंतर वेगळा पक्ष हा वादाचा विषय उरला नाही, निदान पश्चिमेत तरी.

१८९० ला कॅन्ससमध्ये काँग्रेसच्या सातपैकी पाच जागा या नव्या पक्षाला. ४ जुलै १८९२ ला पक्षाचा ओमाहाचा जाहीरनामा : सबट्रेझरी, १६ ला १ प्रमाणात (१६ भार चांदी म्हणजे १ भार सोनं) चांदीची मुक्त नाणेपाडणी, चढता आयकर, रेल्वे आणि तार सरकारी मालकीची, सिनेटर थेट मतदानाने. त्या वर्षी पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जेम्स वीव्हर याला दहा लाखांच्या वर मतं आणि २२ निर्वाचक मतं.

इलिनॉय-आयोवाचं उत्तर एका ओळीत : तिथला शेतकरी तोवर मका-डुकरं आणि दूध यांवर गेला होता, शिकागो जवळ, लाइनी अनेक, एका पिकाच्या भावावर घर उभं नव्हतं.

चांदीचा_रुपया

कळमना_यार्ड यांनी चांदी एका कलमात उरकली, तिथे थोडं थांबायला हवं, कारण तीच १८९६ ला सगळी चळवळ गिळून बसली. आणि तिचा एक धागा आपल्या मध्य प्रांतातून जातो.

तेव्हा भारताचा रुपया चांदीचा होता. चांदी स्वस्त होत गेली तसा रुपयाचा सोन्यातला भाव उतरला : १८७१ च्या सुमारास जवळपास २ शिलिंग, १८९२-९३ ला सव्वा शिलिंग. सुएझ १८६९ ला उघडल्यावर नर्मदा खोऱ्यातला गहू रेल्वेने मुंबईला आणि तिथून लंडन-लिव्हरपूलला जाऊ लागला. सोन्यातला भाव पडला तरी भारतातल्या गव्हाला रुपये जवळपास तेवढेच मिळत. कॅन्ससच्या शेतकऱ्याला मात्र डॉलर कमी. चांदीवाल्या वक्त्यांचा हा आवडता मुद्दा होता : आमचं चलन सोन्याला बांधून तुम्ही भारतीय गव्हाला मदत करताय. मुद्दा अतिशयोक्त आहे, निव्वळ चुकीचा नाही.

२६ जून १८९३ ला भारत सरकारने चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. चांदी कोसळली. अमेरिकेत आर्थिक अरिष्ट त्या वसंतातच सुरू झालं होतं. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने खास अधिवेशन बोलावून १८९० चा चांदी खरेदी कायदा नोव्हेंबरात रद्द करून घेतला. त्याने त्याचाच डेमोक्रॅटिक पक्ष फुटला, आणि १८९६ ला त्या पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ब्रायन याने चांदी हातात घेतली. पीपल्स पार्टीनेही त्यालाच उमेदवार केलं. सबट्रेझरी मागे पडली. बाजारात चांदीचं प्रमाण ३० ला १ च्या वर असताना १६ ला १ ची घोषणा म्हणजे भाववाढीचा साधा मार्ग, पण पीक लिहून दिलेल्या कुळाला उधारी कोण देणार, याचं उत्तर त्यात नव्हतं.

आणि आपल्याकडची बाजू. १८९६ चा पाऊस फसला, मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. भारताची गहू निर्यात आटली. त्या शरद ऋतूत, मतदानाच्या ऐन तोंडावर, अमेरिकेत गहू चढला. चांदीशिवाय गहू चढणार नाही, असं ब्रायन सांगत होता. रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ली २७१ विरुद्ध १७६ निर्वाचक मतांनी जिंकला. ब्रायनच्या पराभवाचं हे एकमेव कारण मुळीच नाही, कारखान्यांची शहरं त्याच्या विरोधात होतीच. पण नागपूरच्या वर्गात हे सांगितलं नाही तर कुठे सांगायचं?

पुढे दक्षिण आफ्रिकेचं सोनं, सायनाइडने सोनं काढायची नवी रीत आणि कॅनडातल्या क्लोंडाइकचं सोनं, यांनी पैसा वाढला आणि भाव सोन्यावरच वर आले.

वर्धारोड

हा शेवटचा धागा मला ठाऊकच नव्हता. आता एकच : कृष्णवर्णीय शेतकरी या चित्रात कुठे?

जिनिंग_प्रेसिंग

बरं झालं विचारलंत. कलर्ड फार्मर्स अलायन्स १८८६ ला टेक्सासच्या ह्यूस्टन काउंटीत निघाली, वेगळी, कारण गोऱ्या अलायन्समध्ये प्रवेशच नव्हता. १८९१ च्या वेचणीत तिच्यातल्या काहींनी संप पुकारला : १०० पौंड कापूस वेचायला १ डॉलर द्या. वेचणीला मजूर लावणारे कोण? बऱ्याच ठिकाणी गोऱ्या अलायन्सचेच सभासद. गोऱ्या अलायन्सचा अध्यक्ष लिओनिडास पोक याने सल्ला दिला की एवढी मजुरी देण्यापेक्षा कापूस शेतात राहू द्या. आर्कान्सासच्या ली काउंटीत संप बंदुकीने मोडला, डझनभराहून अधिक कृष्णवर्णीय मारले गेले.

जॉर्जियात पीपल्स पार्टीचा नेता टॉम वॉटसन याने १८९२ ला दोन्ही वंशांच्या कुळांना एका सभेत बोलावलं हेही खरं, आणि त्याला मतं चोरून पाडलं गेलं हेही. मिसिसिपीने १८९० लाच नव्या घटनेत मतदानाला कर आणि वाचनाची अट घातली होती, इतर राज्यं मागोमाग गेली. तेव्हा घटकात ‘शेतकरी’ हा एक शब्द न वापरता जमीनवाला, कुळ आणि वेचणारा असे तीन रकाने पाडा, आणि ओमाहाच्या प्रत्येक मागणीपुढे तिघांना काय मिळणार होतं ते मुलांना भरायला लावा. वेचणाऱ्याचा रकाना बराचसा रिकामा राहील.